टूलबारवरची टपरी

हा लेख तुम्ही बहुधा फोनवर वाचत असाल. म्हणजे ज्या वस्तूबद्दल तो आहे, ती आत्ता तुमच्यासमोर नाही. अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकता येत नाही. ते पाहायचं तर कॉलेजच्या लॅबमधला किंवा ऑफिसातला कॉम्प्युटर उघडायचा आणि ब्राउझरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बघायचं. वेबसाइटचा पत्ता टाकतो त्या पट्टीशेजारी काही बारके आयकॉन दिसतील. एक जाहिराती अडवतो, एक इंग्रजीतल्या चुका दाखवतो, एक खरेदी करताना कूपन शोधतो. हीच ती एक्स्टेन्शनं. ब्राउझरला बाहेरून जोडलेली छोटी अवजारं.

या कोपऱ्याबद्दल सध्या फोनवर बरंच ऐकू येतं. कोडिंग येत नसलं तरी चालेल, एआयला साध्या भाषेत सांगा काय हवंय ते. दुपारी एक्स्टेन्शन तयार, रात्री स्टोअरवर, आणि मग झोपेत डॉलर. यातला पहिला अर्धा भाग आता बऱ्यापैकी खरा आहे. दुसऱ्या अर्ध्याचं काय, हे कळायला मात्र थोडं मागे जावं लागतं. घरी बसून छोटं सॉफ्टवेअर करायचं आणि त्यातून वरकमाई करायची, ही कल्पना चाळीस वर्षांहून जुनी आहे. आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. गिऱ्हाइकाने पैसे दिले ते बहुतेक वेळा कोडसाठी दिलेच नाहीत.

चर्चची लेबलं

जिम नॉफ हा अमेरिकेतल्या सिएटलजवळ राहणारा, आयबीएममध्ये नोकरी करणारा माणूस. त्याच्या चर्चला सभासदांच्या पत्त्यांची लेबलं छापायची होती, म्हणून त्याने घरच्या कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम लिहिला. ओळखीच्यांनी तो मागितला, त्यांच्या ओळखीच्यांनी मागितला. माणसं वाढली तशी प्रत्येकाला सुधारलेली प्रत टपालाने पाठवणं खिशाला परवडेना. तेव्हा त्याने प्रोग्राममध्येच एक चिठ्ठी घातली: कॉपी करून खुशाल वाटा, पण पुढच्या सुधारणा हव्या असतील तर थोडे पैसे पाठवा.

हे १९८२ सालचं. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात अँड्र्यू फ्लुगेलमन नावाच्या गृहस्थाने पीसी-टॉक नावाचा प्रोग्राम अशाच चिठ्ठीसह वाटायला सुरुवात केली होती. दोघांना एकमेकांचा पत्ता लागला. दोघांनी २५ डॉलर ही एकच रक्कम ठरवली आणि आपापल्या प्रोग्राममध्ये दुसऱ्याचं नाव सांगायचं असंही ठरवलं. नॉफचा प्रोग्राम पीसी-फाइल या नावाने गाजला. १९८४ साली त्याने आयबीएमची नोकरी सोडली, कारण या जोडधंद्याची मिळकत पगाराच्या कितीतरी पुढे गेली होती.

तिसरा माणूस बॉब वॉलेस. मायक्रोसॉफ्टच्या अगदी पहिल्या काही कर्मचाऱ्यांपैकी एक. तिथून बाहेर पडून त्याने १९८३ साली पीसी-राइट हा लेखनाचा प्रोग्राम काढला. डिस्क १० डॉलरला, आणि रीतसर नोंदणी केली तर ७५ डॉलर. नोंदणी करणाऱ्याला छापील पुस्तिका आणि फोनवर मदत मिळे, शिवाय स्वतःचा नंबर असलेली प्रत. ती प्रत तुम्ही मित्राला दिलीत आणि मित्राने नोंदणी केली, तर २५ डॉलर तुम्हाला. आज ज्याला रेफरल किंवा अफिलिएट म्हणतात, तो प्रकार इथे कागद-डिस्कच्या जमान्यात दिसतो. अशा सॉफ्टवेअरला 'शेअरवेअर' हे नाव रूढ झालं.

आता हिशेब पाहा. प्रोग्राम फुकट कॉपी करता येत होता, तो कुणी चोरण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही लोकांनी पैसे पाठवले. ते पुस्तिकेसाठी होते, फोन उचलणाऱ्या माणसासाठी होते, पुढच्या वर्षीही हे चालत राहील या खात्रीसाठी होते.

मराठीत याच्याशी मिळतंजुळतं उदाहरण 'बरहा'चं. शेषाद्री वासू यांनी ते १९९८ साली मुळात कन्नडसाठी केलं. २००० नंतरच्या दशकात नेटवर मराठी लिहिणाऱ्या अनेकांनी पहिलं देवनागरी त्याच्यावरच टंकलं. बरीच वर्षं ते फुकट होतं, पुढे विकत घ्यावं लागलं. मराठीत आणि कन्नडमध्ये टाइप करता येत नाही, ही अडचण खरी होती. म्हणून ते घरोघरी पोचलं.

कोड न येणाऱ्यांची वाट

'कोडिंगशिवाय' हा शब्दसुद्धा नवा नाही. १९८७ साली ॲपलने बिल ॲटकिन्सनचं हायपरकार्ड मॅकिंटॉशबरोबर फुकट द्यायला सुरुवात केली. पडद्यावर कार्डं मांडायची, त्यावर बटणं ठेवायची, बटण दाबलं की दुसरं कार्ड. शिक्षकांनी त्यावर धडे केले, हौशी लोकांनी खेळ आणि याद्या केल्या. वेब आल्यावर, १९९८च्या सुमारास, 'बुकमार्कलेट' नावाची युक्ती निघाली. नेहमीच्या बुकमार्कमध्ये पत्त्याऐवजी जावास्क्रिप्टची एक ओळ ठेवायची आणि क्लिक केलं की समोरच्या पानावर ती चालते. ओळ दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली, आपण फक्त ओढून आणून ठेवायची.

मग फायरफॉक्स आलं. त्याची पहिली अधिकृत आवृत्ती नोव्हेंबर २००४ची, पण त्याआधी ते 'फीनिक्स' या नावाने फिरत होतं तेव्हाच, २००२ साली, हेन्रिक सोरेनसन या डॅनिश विद्यार्थ्याने ॲडब्लॉक हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन लिहिलं होतं. अभ्यास टाळता टाळता केलेलं काम. २००४च्या अखेरीस ॲरन बूडमनचं ग्रीझमंकी निघालं. त्यात इतरांनी लिहिलेले छोटे तुकडे आणून कुठल्याही साइटचं रूप बदलता येई. ते वापरणाऱ्या कित्येकांना प्रोग्रामिंग येत नव्हतं. दुसऱ्याचा तुकडा घ्यायचा, त्यातला एखादा शब्द बदलायचा, चाललं तर चाललं. हाच बूडमन पुढे गूगलमध्ये क्रोमच्या एक्स्टेन्शन व्यवस्थेवर काम करणाऱ्यांत होता.

याच काळातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. काही एक्स्टेन्शनांमध्ये मोलाचा भाग कोडचा नसतोच. फायरफॉक्ससाठी मराठी शुद्धलेखन तपासणारी पुरवणी स्वयंसेवकांनी केली. तिच्या आत काय आहे? शब्दांची एक लांबलचक यादी आणि प्रत्यय कसे लागतात याचे नियम. 'घर'ला 'घरात', 'घराचा', 'घरांना' कसं करायचं ते. यादी वाचणारं इंजिन जगभर एकच. मराठीचं जे काही आहे ते यादीत, आणि ती करायला मराठी यावी लागते. जाहिराती अडवण्याचंही तसंच. यूब्लॉक ओरिजिन लिहिणारा रेमंड हिल देणग्या घेत नाही. तो सांगतो की कुठली जाहिरात अडवायची याच्या याद्या नसतील तर माझं एक्स्टेन्शन काहीच नाही. आभार मानायचे तर त्या याद्या सांभाळणाऱ्यांचे माना.

तेव्हा कोड येत नसलेल्या माणसाला या धंद्यात जागा पूर्वीही होती. त्याच्याकडे दुसरं काहीतरी असायचं: भाषा, विषय, एखाद्या कामाची आतून माहिती, किंवा रोज यादी नीट करत बसायची चिकाटी.

दुकान उघडलं, गल्ला बंद झाला

क्रोमच्या मुख्य आवृत्तीत एक्स्टेन्शनं आली जानेवारी २०१०मध्ये आणि त्याच वर्षी डिसेंबरात क्रोम वेब स्टोअर उघडलं. विक्रेता व्हायचं तर एकदाच ५ डॉलर भरायचे. वस्तूही साधी असते. मॅनिफेस्ट नावाची एक फाइल, तिच्यात एक्स्टेन्शनचं नाव, आवृत्ती आणि कशाकशाची परवानगी हवी ते लिहायचं, आयकॉनची चित्रं, आणि जावास्क्रिप्टच्या एक-दोन फायली. सगळं झिप करून चढवायचं. इतक्या स्वस्तात जगाच्या बाजारात टपरी टाकायची सोय आधी क्वचितच कुणाला मिळाली असेल.

साहजिकच गर्दी झाली. एक्स्टेन्शन मॉनिटर या संस्थेने ऑगस्ट २०१९मध्ये मोजणी केली तेव्हा स्टोअरवर १,८८,००० हून अधिक एक्स्टेन्शनं होती आणि त्यांतली निम्मी सोळापेक्षा कमी जणांनी घेतलेली होती. सोळा म्हणजे करणारा, त्याची भावंडं आणि वर्गातले मित्र. एक कोटीच्या वर वापरकर्ते असलेली एक्स्टेन्शनं होती फक्त तेरा. हे आकडे एआयच्या आधीचे आहेत. करणं सोपं झाल्याने दुकानं वाढतात, गिऱ्हाइकं तेवढीच राहतात.

त्यातून पैसे घ्यायची सोयही स्टोअरने काढून घेतली. विकत घ्यायच्या एक्स्टेन्शनांमध्ये फसवणूक वाढली म्हणून २०२०च्या सुरुवातीला गूगलने त्यांची नवी नोंदणी थांबवली, आणि १ फेब्रुवारी २०२१पासून स्टोअरमधून पैसे घेणं बंदच झालं. तेव्हापासून ज्याला विकायचं आहे त्याने गल्ला स्वतःचा ठेवायचा. पैसे घेणारी बाहेरची सेवा जोडायची, कुणी पैसे भरले ते तपासायचं, कुणी परत मागितले तर परत द्यायचे.

मग लोकांनी काय केलं? मायकेल गंडलाख याने क्रोमसाठी स्वतंत्रपणे लिहिलेलं, नावाने तेवढं जुन्यासारखं असलेलं ॲडब्लॉक देणग्यांवर चालवलं, नोकरी सोडून. २०१५ साली त्याने ते विकलं, आणि घेणाऱ्याचं नाव जाहीर झालं नाही. ॲडब्लॉक प्लस करणाऱ्यांनी २०११पासून 'चालण्याजोग्या जाहिराती' अशी यादी ठेवली आणि मोठ्या कंपन्यांकडून त्या यादीत राहण्याचे पैसे घेतले. म्हणजे दारवान ठेवला मालकाने आणि पगार दिला पाहुण्यांनी. आणि ज्यांना यातलं काही जमलं नाही, त्यांच्या इनबॉक्समध्ये एक दिवस मेल आली.

एका तासाचं काम

तशी मेल आलेल्यांपैकी एक होते अमित अग्रवाल. आग्र्याहून लिहिणारे, भारतातल्या सुरुवातीच्या व्यावसायिक ब्लॉगरांपैकी. २०१३ साली गूगल रीडर बंद झालं आणि वाचणारे फीडली नावाच्या सेवेकडे वळले. एखादी साइट फीडलीत एका क्लिकने जोडता यावी म्हणून अग्रवालांनी एक एक्स्टेन्शन केलं. साधारण तासाभराचं काम. बघता बघता तीस हजारांवर लोक ते वापरू लागले. मग एका अनोळखी व्यक्तीने ते विकत मागितलं, चार आकडी डॉलर देऊन. तासाभराच्या कामाला एवढे पैसे! त्यांनी दिलं. पैसे आले, एक्स्टेन्शनची मालकी दुसऱ्या खात्यावर गेली.

महिन्याभरात नव्या मालकाने नवी आवृत्ती सोडली. एक्स्टेन्शनं आपोआप अपडेट होतात, विचारत नाहीत. त्या आवृत्तीने लोकांच्या ब्राउझरमध्ये, ते ज्या पानावर जातील तिथे, जाहिराती घुसवायला सुरुवात केली. जानेवारी २०१४मध्ये अग्रवालांनी स्वतःच लिहून टाकलं की विकणं चुकलं, आणि वापरणाऱ्यांची माफी मागितली. बातमी जगभर गेली आणि गूगलने ते एक्स्टेन्शन काढून टाकलं.

ही गोष्ट मी परत परत वाचतो, कारण तिच्यात भाव किती नेमका कळतो. ते तासाभराचं कोड कुणीही पुन्हा लिहू शकला असता. घेणाऱ्याने मोजले ते तीस हजार ब्राउझरांच्या किल्ल्यांचे पैसे. एक्स्टेन्शन टाकताना आपण ज्या सूचनेवर न वाचता 'हो' म्हणतो, ती अनेकदा अशी असते: 'सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणं आणि बदलणं'. सगळ्या वेबसाइट म्हणजे बँकही आली, डॉक्टरचा रिपोर्टही आला, मैत्रिणीला लिहिलेली मेलही आली.

हे एकदाच घडलं असतं तर विसरलो असतो. पण द ग्रेट सस्पेंडर हे उघड्या टॅबना झोपवून मेमरी वाचवणारं लोकप्रिय एक्स्टेन्शन २०२०च्या जूनमध्ये असंच मूळ लेखकाकडून दुसऱ्याकडे गेलं. वापरणारे वीस लाखांच्या घरात. फेब्रुवारी २०२१मध्ये त्यात घातक कोड असल्याचं सांगून गूगलने ते बंद केलं. हॉवर झूम प्लस हे एक्स्टेन्शन सांभाळणाऱ्याने तर आपल्याला आलेल्या खरेदीच्या आणि 'फक्त आमचा थोडा कोड घाला' अशा प्रस्तावांची यादीच जाहीर ठेवली आहे. वर्षानुवर्षांच्या मेल, एकीखाली एक. वाचताना समजतं की असा सौदा ज्याला नको आहे त्याला ते दरवेळी नव्याने नाकारावं लागतं.

पिझ्झाचं कूपन

सगळ्यात मोठी कमाई कूपनवाल्याची. २०१२ साली लॉस एंजेलिसमध्ये रायन हडसनने मुलांसाठी पिझ्झा मागवताना सवलतीचा कोड शोधायचा कंटाळा येऊन एका एक्स्टेन्शनचा कच्चा नमुना केला. जॉर्ज रुआन बरोबर आला आणि त्याची हनी ही कंपनी झाली. नोव्हेंबर २०१९मध्ये पेपालने ती सुमारे ४ अब्ज डॉलरला घेतल्याचं जाहीर केलं. खरेदी करणाऱ्याला एक्स्टेन्शन फुकट. कंपनीला दुकानदाराकडून कमिशन. वॉलेसच्या २५ डॉलरचाच हा नातू.

डिसेंबर २०२४मध्ये मात्र एका यूट्यूब मालिकेतून आरोप झाला की एखाद्या क्रिएटरची लिंक वापरून आलेल्या गिऱ्हाइकाचं कमिशनही शेवटच्या क्षणी हनी स्वतःच्या नावावर वळवतं. त्यावरून खटले दाखल झाले. मार्च २०२५मध्ये गूगलने स्टोअरचे नियम घट्ट केले: वापरणाऱ्याला सरळ काही फायदा देत नसाल, तर एक्स्टेन्शनने अफिलिएट लिंक घालायची नाही. सध्याच्या 'झोपेत डॉलर' छाप सल्ल्यात अफिलिएटचा उल्लेख हमखास येतो. तो देणाऱ्याने हा नियम वाचला आहे का, हे आधी विचारावं.

आता न येणाऱ्यांची पाळी

२०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं. फेब्रुवारी २०२५मध्ये आंद्रे कारपाथी यांनी 'व्हाइब कोडिंग' हा शब्द रूढ केला: काय हवं ते सांगायचं, मिळालेला कोड न वाचता चालवायचा, बिघडला तर पुन्हा सांगायचं. एक्स्टेन्शनसारख्या लहान वस्तूसाठी हे खरोखर जमतं. एखाद्या पानावरची फक्त देवनागरी अक्षरं मोठी करणं, रेल्वेच्या तक्त्यातली नको ती माहिती लपवणं, निवडलेला मजकूर टिपणवहीत साठवणं, असं एखाद्या संध्याकाळी होऊन जातं. ज्यांना आजवर दुसऱ्याचा तुकडा शोधत बसावं लागे, त्यांना स्वतःचा मिळतो. ही छोटी गोष्ट नाही.

पण स्टोअरवर नाव तुमचं लागतं. डिसेंबर २०२४मध्ये सायबरहेवन या सुरक्षा क्षेत्रातल्याच कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला स्टोअरकडून आल्यासारखी दिसणारी खोटी मेल आली. त्याने परवानगी दिली, आणि नाताळच्या दिवशी कंपनीच्या एक्स्टेन्शनची माहिती चोरणारी आवृत्ती चार लाखांच्या आसपास ग्राहकांसाठी स्टोअरवर चढली. ज्यांचा धंदाच सुरक्षेचा, त्यांचं हे झालं. आपल्या एक्स्टेन्शनमध्ये काय आहे हे ज्याला वाचताच येत नाही, त्याने किती सांभाळून असावं?

सांभाळायचे काही मार्ग आहेत, आणि त्यांना कोडिंग लागत नाही. सगळ्या साइटची परवानगी मागण्याऐवजी 'ॲक्टिव्हटॅब' ही परवानगी मागता येते. मग वापरणाऱ्याने आयकॉनवर क्लिक केलं तेव्हा, त्याच टॅबपुरतं, एक्स्टेन्शनला आत येता येतं. एआयला तसं सांगायला एक वाक्य पुरतं. विकासकाच्या खात्याला दुहेरी कुलूप लावता येतं. माहिती कुठेच पाठवायची नाही असं ठरवता येतं आणि तसं लिहून देता येतं. साइटने आपलं पान बदललं की एक्स्टेन्शन मोडतं. तेव्हा ते कोण आणि किती दिवसांत दुरुस्त करणार, हेही आधीच ठरवून ठेवता येतं.

अग्रवालांची गोष्ट तिथेच संपली नाही, हे सांगायचं राहिलं. पुढे त्यांनी गूगल शीट्स आणि जीमेलसाठी जोड-सेवा केल्या, उदाहरणार्थ एकाच पत्राच्या अनेकांना नावानिशी मेल पाठवणारी. सशुल्क आवृत्ती, वापरायची सविस्तर माहिती, प्रश्न विचारायची सोय. त्याच माणसाने, तशाच छोट्या अवजारांवर, पण किल्ली स्वतःकडे ठेवून चालवलेला हा व्यवसाय. नॉफने लेबलांच्या प्रोग्रामात जी चिठ्ठी घातली होती तिच्यापासून तो फार लांब नाही: वापरून बघा, उपयोगी पडलं तर पैसे पाठवा, मी इथेच आहे.

तेव्हा करायचं तर जरूर करा. फक्त पहिल्या सोळा जणांत आपली आई किंवा धाकटा भाऊ आहे असं धरून चाला. त्यांच्या कॉम्प्युटरवर जे घालायला तुमचा हात कचरेल, ते बाकीच्यांच्याही घालू नका. आणि एखाद्या दिवशी अनोळखी माणसाची चार आकडी मेल आलीच, तर उत्तर लिहिण्याआधी तो नक्की काय विकत मागतोय ते नीट मोजा.